पॅल्पेट

आमगाव,
१८ ऑगस्ट १९५७

प्रिय तुलसा,

तुझ्या जागेवर मी रुळले आहे. दवाखाना तू सोडलास तसाच, राइस मिलवाल्या शेठचा, धर्मादाय. खिडकीवर कोंड्याची धूळ बसते, ती मी रोज पुसते.

नागपूरला मिडवाइफरीच्या वर्गात ‘पॅल्पेट’ हे क्रियापद आपण एकाच बाकावर शिकलो. आधी हात धुवायचे, चोळून ऊन करायचे, बाईला सांगायचं, पोटापुरतंच लुगडं सारायचं. बोटं रोवायची नाहीत. हात सपाट ठेवून बाळाचं डोकं शोधायचं. थंड हाताच्या मुलीला सिस्टर टेबलाजवळून परत पाठवत.

इथे तो शब्द मी कंपाउंडर मुन्नालालच्या तोंडी ऐकला. पडद्यामागे डॉक्टर, बाहेर बायकांची रांग, आणि हा पुड्या बांधताना हसतो, “अंदर मत जाओ सिस्टर, साहब पॅल्पेट कर रहे हैं.” परवा स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर, पाण्याला जाणाऱ्या मुलीकडे बघून कुणीतरी तोच शब्द टाकला आणि सगळे खिदळले. 

मंगळवारी धुरपता नावाची एक बाई आली. धानाच्या रोवणीच्या चिखलातून थेट, कान फुटलेला. डॉक्टरांनी तिच्या सासूला बाहेर बसवलं. परत आली तेव्हा तिने पदर दोन्ही मुठींत धरला होता. म्हणाली, “बाई, कान दुखून राहिला, तं लुगडं कायले सोडाले लावलं?” मी औषध घ्यायला वळले, कानाला हात लावू का विचारलं. ती नको म्हणाली. थेंब तिने स्वतःच घातले, अर्धे मानेवर सांडले.

मी डॉक्टरांकडे गेले. ते रुमालाने एकेक बोट पुसत होते. “तुम्ही ट्रेंड नर्स आहात. पॅल्पेट करणं म्हणजे काय, तुम्हाला सांगायला नको.” त्यांच्या हातचं काहीही मी आता घेत नाही.

मी डॉक्टरांविरुद्ध दवाखान्याच्या ट्रस्टींकडे अर्ज दिला. पुढच्या सोमवारी त्यांची बैठक आहे. धुरपताचा नवरा बिसराम तिला साक्षीला येऊ देत नाही. गावात नाव निघेल म्हणतो. मी एकटी बोलले तर पगाराची कुरबूर ठरवतील. तू गेलीस तेव्हा म्हणालीस, इथलं पाणी मानवलं नाही. मी काही विचारलं नाही. पण इथल्या बायका सांगतात, शेवटी शेवटी डॉक्टरांनी कितीही हाका मारल्या तरी तू त्या पडद्याआत जात नव्हतीस. काय घडलं ते मला लिहू नकोस. सोमवारी ये आणि ट्रस्टींसमोर सांग. गोंदियाहून येणाऱ्या सकाळच्या गाडीला मी फलाटावर असेन. तू उतरली नाहीस, तरी तिथून मी सरळ ट्रस्टींकडेच जाणार आहे.

तुझीच,
नंदा