सिस्टर बेनिग्नांच्या रांगा

लोणावळा
९ नोव्हेंबर २०२४

ती. येसूआत्यास,
अनघाचा सा. जयभीम वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकत नाहीस, म्हणून कागद घेतला. आत्या, तुमच्या बोर्डिंगची कपाटं उघडली! शाळा बंद होऊन वीस वर्षं झाली. आता चर्चने जुनी दप्तरं लावायचं काम आम्हा चार शिक्षकांवर सोपवलंय. वाळवी, झुरळं, आणि त्यात १९७५ सालचा तुमच्या वर्गाचा फोटो! मागे सिस्टर बेनिग्नांच्या मोत्यासारख्या अक्षरात रांगेने नावं.

परवा तळेगावच्या अफसानाताई आईचा फोटो शोधत आल्या होत्या. तुझ्या वर्गातल्या अजीजुन्निसाची मुलगी. त्या अंगावर पीत होत्या तेव्हाच आई गेली. आजोबांना फोटो चालत नसत, त्यामुळे घरात आईचा एकही नाही. चाळिशी आली, पण त्यांनी आईचा चेहरा पाहिलेला नाही. मी नावं वाचली आणि मागच्या रांगेत शेवटच्या मुलीवर बोट ठेवलं. आत्या, त्या इतक्या रडल्या की मलाही आवरेना. लगेच तेवढ्या मुलीची मोठी प्रत काढून दिली. आता फ्रेम करून आपल्या बांगड्यांच्या दुकानात लावणार आहेत.

तुला सगळ्या वर्गाची प्रत पाठवतेय. तू पुढच्या रांगेत अगदी पहिली, इवलीशी, चक्क खदखदून हसतेयस! मला तर ओळखूच आली नाहीस.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर धाड.
तुझी लाडकी,
अनघा


वराळे
१४ नोव्हेंबर २०२४

चि. अनघास,
अनेक आशीर्वाद.

अगं शहाणे, केवढा घोळ घातलास! मागच्या रांगेत शेवटी जी ताडमाड पोरगी उभी आहे, ती मी. नाक बघ की, तुझ्या बापाचंच आहे. आणि पुढं हसतेय ती अज्जू, तुझ्या अफसानाची आई.

सिस्टर बेनिग्नांचं सगळं खाटांच्या क्रमानं चालायचं. आंघोळ, जेवण, हजेरी, प्रार्थना, सगळं. फोटोच्या नावांचा कागदही त्यांनी आदल्या दिवशी तसाच केला आणि फोटो आल्यावर मागं उतरवून काढला. पण फोटोवाला म्हणाला, उंच पोरी मागं घ्या. त्यानं मला उचलून अज्जूच्या जागी मागं उभं केलं आणि तिला माझ्या जागी पुढं बसवलं. एकदा रांग लागली की तोंड उघडायचं नाही, असा नियम होता. मग सिस्टरना सांगणार कोण? आम्ही गप्प.

अज्जूची खाट माझ्या समोर; पहिली माझी आणि खोलीला फेरी घालून शेवटची तिची. सातवीनंतर तिचं शिक्षण थांबवलं, पुन्हा भेट नाही. ती गेल्याचं मला आज तुझ्या पत्रातून कळलं. चुलीवर भात करपला तरी मी तशीच बसून होते.

आणि ती बिचारी माझं थोबाड आई म्हणून भिंतीला लावतेय! आजच्या आज जा आणि सांगून ये. टाळाटाळ केलीस तर मीच एसटी धरीन.
तुझी,
येसूआत्या


लोणावळा
१९ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. जयभीम.

जाऊन आले. तू बांगड्यांच्या काचेच्या कपाटावर मोठ्या थाटात बसलेली होतीस. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला त्या सांगत होत्या, ही माझी अम्मी. मी उगाच दोन डझन बांगड्या घेतल्या. शेवटी एका दमात सगळं सांगून टाकलं.

त्या फोटोकडे वळल्या. मग एकदम हसू फुटलं. म्हणाल्या, हे नाक आमच्या खानदानात आलं कुठून, याच विचारात आठवडा गेला. मी अज्जूचा चेहरा मोठा करून नेला होता. तो त्यांनी माझ्यासमोर पाहिला नाही, पदराखाली धरून आत गेल्या. मी चपला घालून निघाले. त्यांची मुलगी अरफा तुझा पत्ता मागत मागे धावत आली.

आता पुढे काय, देव जाणे. माझ्यावरची माया कमी करू नकोस.
तुझी घोळ घालणारी,
अनघा


तळेगाव
२४ नोव्हेंबर २०२४

आदरणीय येसूमावशींस,
अफसानाचा मनापासून सलाम.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, असं अनघाताई म्हणाल्या, म्हणून लिहिते. मावशी, मी अम्मीला पाहिलं! हनुवटी थेट माझी. दात पुढे, ते अरफाचे. चार दिवस घरात नुसता ईदसारखा गोंधळ चाललाय. तुमचा फोटोही उतरवलेला नाही. आठवडाभर अम्मी म्हटलं, आता कुठल्या तोंडाने काढू?

पण एक राहिलं. फोटोवाल्याने कळ दाबली आणि नेमकी तिची पापणी मिटली. हसतेय, पण डोळे बंद. अनघाताईंनी सगळी कपाटं पालथी घातली, तिचा दुसरा फोटो नाही. आमच्याकडचे तिला पाहिलेले सगळे गेले. ते उघडे डोळे पाहिलेल्या आता आमच्या ओळखीत तुम्ही एकट्याच.

येत्या रविवारी अरफाला घेऊन येतेय. चहापाणी नंतर. आधी दारातच आम्हा दोघींच्या डोळ्यांत नीट बघा, आणि सांगा, तिचे कुणाकडे आलेत.

तिच्यावर केलीत ती माया आता आमच्यावर असू द्या.
आपल्या अज्जूची,
अफसाना