चिमटीतला दोरा

८ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

तुमच्या नियमाप्रमाणे आधी खुशाली, मग विषय. मी ठीक आहे. खोकला गेला. काल दिवसभर दुभाषी म्हणून कोर्टात उभी होते. घरमालक बोलणारा, भाडेकरू बधिर, आणि दोघांनी एकमेकांना जे काही सुनावलं ते सगळं माझ्या तोंडून आणि माझ्या हातांतून गेलं. संध्याकाळी जबडा आणि मनगटं दोन्ही ठणकत होती. तुम्ही गुडघ्याचे व्यायाम करता का? 'हो' असं लिहू नका, खरं लिहा.

तुमचं पाकीट मिळालं. आत 'आईस' ही तुमची कविता आणि तिच्यासोबतची चिठ्ठी. चिठ्ठी मी उभ्याने वाचली आणि मग खुर्ची ओढून पुन्हा वाचली. आईच्या स्मृतिसभेत दादा त्याची कविता हातांनी सादर करेल, आणि मी शेजारी उभी राहून माईकवर तुमची कविता वाचायची. 'हात त्याचे, शब्द आपले. पाहुण्यांना खुणा कळत नाहीत, त्याला ऐकू येत नाही, तेव्हा कोणाचंच मन दुखावणार नाही.' बाबा, मी पाकिटावरचं अक्षर तपासलं, तुमचंच आहे ना म्हणून. शेजाऱ्याच्या पेपरात डोकावलं तर पोरांना वर्गाबाहेर उभं करणारे तुम्ही.

मी हे करणार नाही. सुरुवातीलाच सांगते, म्हणजे नमनाला घडाभर तेल नको.

आता तुमच्या कवितेबद्दल. मत तुम्ही मागितलंय, आणि मत मागून मग आठवडाभर फुगून बसायची तुमची खोड मला ठाऊक आहे, तरी लिहिते. पहिल्या कडव्यात आई सागर आहे. दुसऱ्यात दीपज्योत, तिसऱ्यात डेरेदार वृक्ष, चौथ्यात पुन्हा सागर. ही सगळी कामं करून तिला ब्लाउज शिवायला वेळ कधी मिळाला असता? तुम्हीच शिकवलंत की एक गोष्ट दुसरीसारखी आहे म्हटलं की उपमा, आणि दुसरीच आहे म्हटलं की रूपक. पण माणूस गेल्यावर कवी उपमेमागे का धावतो, ते तुम्ही फळ्यावर कधी लिहिलं नाहीत. मला वाटतं, त्या माणसाच्या रिकाम्या जागेकडे थेट बघवत नाही म्हणून. सागराकडे बघता येतं. त्यासाठी मी तुम्हाला हसत नाही. मीही महिनाभर तिच्या मशीनकडे पाठ करूनच बसत होते.

पण तिसऱ्या कडव्याखाली तुम्ही एक ओळ खोडली आहे. दोनदा रेघ मारलीत, तरी कागद खिडकीशी धरला की वाचता येते. 'हल्ली माझ्या शर्टावर एकही दोरा नसतो.'

बाबा, ही ओळ का खोडलीत? मला तर सगळं दिसलं. तिच्या शिवणामुळे घरभर पडलेले दोरे, शाळेला निघालेले तुम्ही, आणि दारात तुम्हाला थांबवून खांद्यावरचे दोरे वेचणारी आई. 'मास्तर, वर्गात जाताय की शिलाईच्या दुकानात?' असं ती रोज म्हणायची आणि तुम्ही रोज चिडायचात. त्या ओळीत आई गेली असं कुठेच म्हटलेलं नाही. सागर नाही, दिवा नाही. फक्त शर्ट स्वच्छ आहे. याला तुमच्या पुस्तकात काही नाव असेल तर कळवा.

तुमचा दुसरा प्रश्न, 'हातवाऱ्यांत कसले आले अलंकार?' त्याचं उत्तर देते. रागावून नाही, तुमच्याच पद्धतीने, उदाहरणासहित.

खुणांच्या भाषेत एखाद्या माणसाबद्दल बोलायचं तर आधी त्याला हवेत एक जागा द्यायची. दादा कवितेच्या सुरुवातीला 'आई' अशी खूण करतो आणि डाव्या बाजूला, कमरेच्या उंचीवर बोट दाखवतो. मशीनपुढे बसलेली आई तेवढ्याच उंचीवर असायची. त्यानंतर तो पुन्हा 'आई' म्हणत नाही. त्या जागेकडे नुसतं बोट केलं की 'ती'. बघितलं की तिच्याशी बोलणं. कवितेच्या मध्यावर आई जाते. पण तो जागा पुसत नाही. तिकडेच बघत राहतो, तिकडेच विचारत राहतो. गेलेल्या माणसाला हाक मारून बोलायची कवींची रीत तुम्ही आम्हाला शिकवली होती. दादाच्या कवितेत ती हाक दिसते.

यमकही आहे. तुमचं यमक शेवटच्या अक्षरात असतं, त्याचं हाताच्या आकारात. संपूर्ण कविता एका चिमटीवर उभी आहे. अंगठा आणि शेजारचं बोट. सुईत दोरा ओवते ती चिमूट. बटण धरते ती चिमूट. दादाचा कान पिळते तीही तीच. आई दोरा ओढते आणि दाताने तोडते, हे तो पुन्हा पुन्हा करतो, आणि दर वेळी दोरा आखूड होत जातो. शेवटी चिमूट उघडते आणि आत काही नसतं. मग तो हात तसाच ठेवतो, खाली आणत नाही. तुम्ही वाचताना ज्या जागी थांबायचात आणि आम्ही मान वर करून बघायचो, ती जागा.

एक चिमूट मी मुद्दाम सांगितलेली नाही. ती तुम्ही स्वतः बघायची.

हे सगळं माझ्या आवाजात ऐकण्यासारखं नाही. म्हणून तुमची कविता तर मी वाचणार नाहीच, त्याचीही बोलून दाखवणार नाही. बाकीचा कार्यक्रम माझी सहकारी बोलून दाखवेल. ही एक कविता आवाजाशिवाय होईल. दादाला विचारलंय, त्याची तयारी आहे. तुमची खुर्ची पहिल्या रांगेत.

तुमचं,
टपाल

(आईने ठेवलेलं नाव आहे, तुम्ही ते फारसं वापरलं नाहीत. पण 'त्याला सांग' आणि 'बाबांना सांग' वाहतच मी मोठी झाले, तेव्हा सहीला चालेल.)


१९ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

पत्र पोचलं. फुगलेले आहात हे 'चि.' गाळल्यावरूनच कळलं.

तुमचे मुद्दे घेते. पाहुण्यांसमोर शोभा होईल, हा पहिला. होऊ दे. पाच मिनिटं त्यांना काही कळलं नाही तर काय होतं? दादा जन्मापासून प्रत्येक समारंभात तसाच बसला आहे, पानावर, कोपऱ्यात, सगळे हसले की उशिरा हसत. त्या पाच मिनिटांत बाकीच्यांनी त्याच्या जागी बसावं.

दुसरा मुद्दा, की तेव्हा त्याच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनीच खुणांना मनाई केली होती, हात वापरले तर पोर कधीच बोलणार नाही म्हणून बजावलं होतं. ठाऊक आहे, बाबा. तुम्ही शिक्षक, शिक्षकाचं ऐकलंत. आईने ऐकलं नाही, तिचा कोणत्याच मुख्याध्यापकावर विश्वास नव्हता. तुमच्यावर खटला चालवायला मी बसलेली नाही. मला फक्त पुढचं बघायचंय.

तिसरा मुद्दा असा की 'तू मधे नसशील तर आम्ही दोघं बोलणार कसे?' हे वाक्य तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, समासात लिहिलंत. तेवढंच मी पुन्हा पुन्हा वाचलं.

पूर्वी आई होती. ती एकाच वेळी तुमच्याशी तोंडाने भांडायची आणि त्याच्याशी हाताने, वर पाय मशीनवर चालूच. ती गेली आणि सगळा भार माझ्याकडे आला. आमच्या कामात नियम असतो की समोरचा 'मी' म्हणाला तर आपणही 'मी' म्हणायचं. दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी दादाला हातांनी सांगितलं की आई गेली. मग तो जे म्हणाला ते तुम्हाला तोंडाने सांगितलं, 'मी आता कोणाशी बोलू?' तो 'मी' त्याचा होता. नंतर तुम्ही म्हणालात, 'त्याला सांग, मी आहे.' तो 'मी' तुमचा होता. दोन्ही नीट पोचवले. माझी आईसुद्धा त्याच दिवशी गेली होती, पण तुम्हा दोघांपैकी कोणी मला काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

सांगायचा प्रयत्न केला एकदा. गेल्या महिन्यात मी फोन केला तो दिवस आठवा. मी रडत होते, बाबा. आईच्या हातचा झगा कपाटात सापडला होता आणि मला धड बोलता येत नव्हतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, 'छान, छान. जेवून घे.'

मी फोन ठेवला आणि आधी फार चिडले. मग बसून विचार केला. शेजारच्या काकूंची टीव्हीच्या आवाजाबद्दल तक्रार. दार वाजवलं तरी न उघडणं. 'फोनवर विचार नीट मांडता येत नाहीत, पत्रच लिहीत जा' हा तुमचा नवा हट्ट. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार? तुम्हाला ऐकू येत नाही. थोडंसं नाही, बरंच. त्या सभागृहात मी माईकवर तुमचीच कविता तुम्हाला वाचून दाखवली असती तरी तुम्ही 'छान, छान' म्हणाला असता.

मी रागावलेली नाही. हे कागदावर लिहिलंय, म्हणजे तुम्ही 'बरं बरं' म्हणून पुढे जाऊ शकणार नाही. कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. यंत्राने जमेल तेवढं जमेल. बाकीचं हातांनी शिकायचं. मी मधे थांबणार नाही, दोघांनी समोरासमोर बसायचं. चुकाल, तो हसेल, तुम्ही चिडाल. तुमच्यात बोलणं असं कधी झालंच नाही, त्यापेक्षा हे बरं.

सभेला या. नाही आलात तरी कविता आवाजाशिवायच होईल.

टपाल


३ डिसेंबर

प्रिय बाबा,

काल निघताना तुम्ही विचारलंत, 'तू गप्प का?' आणि मी मान हलवून रिक्षा बोलावली. बोलले असते तर तुम्हाला ऐकू आलं नसतं, आणि खूण करायला माझे हात मोकळे नव्हते, एका हातात तुमची छत्री, दुसऱ्यात रुमाल. म्हणून हे पत्र.

काल मी फार वर्षांनी कोणाच्याच शेजारी उभी नव्हते. तिसऱ्या रांगेत, खांबाला टेकून एक खुर्ची होती, तिच्यावर बसले. दादाने डाव्या बाजूला बोट करून आईला बसवलं आणि मला वाटलं होतं की मी शांत राहीन, कारण तालमीत मी ते इतक्यांदा पाहिलं होतं. नाही राहिले. दोरा दुसऱ्यांदा तुटला तेव्हापासून मला काही दिसत नव्हतं. पुढच्या पाहुण्यांनी मागे वळून पाहिलं, मी पाहू दिलं. आई गेल्यावर मी पहिल्यांदाच लोकांत रडले, आणि ते रडणं माझं एकटीचं होतं.

मग डोळे पुसून मी तुमच्याकडे बघत बसले, कारण तुमची चिमूट यायची होती.

तुमची पाठ मला दिसत होती. सुरुवातीला तुम्ही परीक्षकासारखे ताठ बसला होता, हाताची घडी घालून. मग दादा मशीनवरून उठल्यासारखा करून दारापाशी गेला. म्हणजे कवितेतली आई दारापाशी आली. तिने कोणालातरी थांबवलं, त्याच्या खांद्यावर चिमूट नेली, दोरा उचलला, झटकला. पुन्हा उचलला. समोरचा माणूस चिडून निघून गेला तेही त्याने दाखवलं, तुमची ती पिशवी बगलेत मारायची लकब धरून. सगळं सभागृह हसलं. तुम्ही हसला नाहीत. तुमचा हात आपोआप तुमच्या खांद्यावर गेला आणि तिथेच राहिला.

त्याला तुमच्या खोडलेल्या ओळीबद्दल मी काहीच सांगितलेलं नव्हतं. तुम्हाला त्याच्या या चिमटीबद्दल नव्हतं सांगितलं. तुम्ही दोघं तिच्याबद्दल एकच गोष्ट धरून बसला होता, एक कागदावर आणि एक हवेत, आणि मी मधे असूनही तुमचा कागद खिडकीशी धरेपर्यंत मला ते कळलं नव्हतं.

कविता संपली. बधिर मंडळींनी दोन्ही हात वर करून हलवले. तुम्ही आधी टाळ्या वाजवल्यात, आजूबाजूला पाहिलंत आणि मग तेही केलंत, जरा ओशाळून. मला वाटलं, आता तुम्ही मागे वळून मला शोधाल. तुम्ही उठलात, गुडघा धरून दोन पायऱ्या चढलात आणि दादासमोर उभे राहिलात. मी अर्धी उठले होते, सवयीने. मग बसले. खुर्चीची कड घट्ट धरून बसले, कारण हात उठायला बघत होते.

त्याच्या शर्टावर दोरा होता की नव्हता, मला इतक्या लांबून दिसलं नाही. तुम्ही त्याच्या खांद्यावरून काहीतरी चिमटीत उचललंत. मग वळलात आणि त्याच्या डावीकडे, कमरेच्या उंचीवर, जिथे त्याने तिला बसवलं होतं अगदी तिथेच बोट केलंत.

'ती.' तुम्ही त्याच्या भाषेत उच्चारलेला हा पहिला शब्द, बाबा. जागा इंचभरही चुकली नाही.

दादाने माझ्याकडे बघितलं नाही. तुम्ही काय म्हणालात हे त्याने मला विचारलं नाही. त्याने त्याच जागेकडे बोट केलं, आणि तुम्ही मान हलवलीत, आणि दोघंही तिच्याकडे बघत उभे राहिलात.

गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय. न्यायला दादा येईल, मी नाही. वाटेत काय बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा. आणि ती खोडलेली ओळ चांगल्या कागदावर उतरवून मला पाठवा. बाकीची कविता नको.

टपाल आजपासून बंद.

तुमची मुलगी