पहिलं, दुसरं आणि चौथं

पप्पा,

आज गुरुवार. चर्चच्या गायनमंडळाची प्रॅक्टिस संपवून आत्ताच घरी आले आणि चहासुद्धा न टाकता लिहायला बसले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आधी चहा टाक, मग भांड." पण भांडण देवाशी आहे की तुमच्याशी, हेच मला नीट ठरवता येईना झालंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, देवळात तुमच्या जागेवर बसून तुम्हीच दिलेली पेटी मी वाजवते, तरी अजून एखादी म्हातारी उपासनेनंतर येऊन सांगते, "पप्पांसारखा हात न्हाय गं तुझा." बरं बाई, नाही. काय करू आता, कापून टाकू?

हात नसेल, पण तुमची सवय मात्र मी जशीच्या तशी उचलली. भाता उघडायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि मंडळीला सांगायचं, "पहिलं, दुसरं आणि चौथं." आपलं ते जुनं गीत, लग्नापासून मातीपर्यंत सगळीकडे चालणारं, आपल्या देवळात कधी कुणी अख्खं म्हटलंच नाही. पहिल्या कडव्यात माणूस वाट चुकतो, दुसऱ्यात अंधारून येतं, चौथ्यात पहाट होते. तिसऱ्यात तो देवाला विचारतो, तू गप्प का? आणि त्याला उत्तर मिळत नाही. कडवं तिथंच संपतं. तुम्ही म्हणायचात, वेळ होतो, पाळकसाहेबांचा उपदेश लांबतो, म्हणून गाळायचं. वेळेचं कारण खोटं होतं पप्पा. एका कडव्याला लागून लागून किती वेळ लागतो?

खरं कारण मला दवाखान्यात कळलं. तुम्ही ड्रेसर, आणि मी शाळा सुटली की तुमचा डबा घेऊन यायचे. चिकटलेली पट्टी सोडवायच्या आधी तुम्ही पेशंटला गाणं म्हणायला लावायचात. भाजलेल्या पायाचे ते जैन पाटील तुम्हाला म्हणाले होते, "तुमचं येशूचं मला येत न्हाय." तुम्ही म्हणालात, "मग तुमच्या बस्तीतलं म्हणा की, मला काय!" पाटील डोळे मिटून त्यांच्या जैन मंदिरातलं स्तवन म्हणायला लागले आणि दुसऱ्या ओळीला तुम्ही पट्टी ओढली. बोंब मारायच्या ऐवजी बिचाऱ्यांचा सूर तेवढा वर गेला. नंतर हात धुताना तुम्ही मला म्हणालात, "गाणं कशासाठी असतंय? माणसाचं ध्यान जरा बाजूला काढाय." तेव्हा मला ते फार पटलं होतं. तुमच्या हाताखालून शंभर माणसं बरी होऊन चालत गेलेली मी पाहिलीत. पण देऊळ म्हणजे ड्रेसिंगची खोली नव्हे, हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं.

आई गेली तेव्हा मी सांगून बघितलं. घरात माणसं दाटलेली, शेजारणी ओट्यावर पदर डोळ्याला लावून उभ्या, आणि तुम्ही स्वतःच पेटीवर. आपल्यात ऊर बडवून रडत नाहीत, गातात. कुणाचा हुंदका मोठा झाला की तुम्ही सूर वर चढवायचात, म्हणजे तो त्यात बुडून जावा. मी तुमच्या कानाशी वाकून म्हटलं, "पप्पा, आज तिसरं म्हणू या." तुम्ही भाता दाबून धरलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "रडगाणं न्हाय म्हणायचं. तिला देवानं नेलंय." मला असं लागलं म्हणून सांगू! मी मुकाट्यानं चौथं म्हटलं. आठवडाभरानं एका दुपारी कॉलेजातून लवकर घरी येते, तर स्वयंपाकघरात तुम्ही एकटे. स्टोव्हवर दूध उतू जातंय आणि तुम्ही पाठमोरे उभे राहून हळू आवाजात म्हणताय, तिसरं. सगळं पाठ. एक शब्द चुकत नाही. मी दारातच थांबले आणि तशीच मागे फिरले.

हे सगळं आज उकरून काढायचं कारण माझी मैत्रीण. शाळेत असताना माझ्याशेजारी आणि पुढे गायनमंडळाच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून गाणारी. हिच्या गळ्यात देवानं घंटा बसवलीय आणि कानात तराजू, असं तुम्ही म्हणायचात ती. तिचा एकुलता एक मुलगा गेला. शिवाजी पेठेतल्या संघातून फुटबॉल खेळायचा, उपासनेला उशिरा येऊन मागच्या बाकावर घामेजलेला बसायचा. मलकापूरहून येताना मोटारसायकल घसरली. मातीच्या दिवशी आम्ही गायलो आणि ती स्वतः उभी राहून आमच्याबरोबर गायली. सगळे म्हणाले, काय विश्वास बाईचा! त्यानंतर तिनं देवळात पाऊल टाकलं नाही. वर्ष झालं.

मागच्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले. ती मेथी निवडत होती. मीही बसले निवडायला. म्हटलं, रविवारी ये, तुझ्याशिवाय आवाज पोकळ लागतो. ती खास आपल्या कोल्हापुरी बायकांसारखी 'येतो-जातो' करत बोलली, "कशाला येऊ? तुमच्या गाण्यात माझ्यासारखीला जागा कुठं हाय? एका कडव्यात अंधार, लगेच दुसऱ्यात उजेड. माझा वर्षभर उगवंना झालाय. त्या दिवशी मी गायलो तर सगळी म्हणाली, काय विश्वास! आता मला रडायची पण सोय ठेवली न्हाईसा." मी देठ खुडत राहिले. मग ती म्हणाली, "मी देव सोडला न्हाय. पण अजून एकदा खोटं गायला लावलंस, तर त्यो पण सुटंल बघ." जुडी संपली तरी मला उठवेना. तुमचं ते गाळलेलं कडवं मला तिथं आठवलं. म्हटलं, एकदा ये, मागे बस, गाऊ नकोस. एवढ्यावर ती कशीबशी कबूल झाली.

रविवारी मी जाहीर केलं, "चारही कडवी." तर पडद्यावर ओळी दाखवणारी कॉलेजची पोरगी धावत आली. "आंटी, ह्याला तिसरं कडवं हायच न्हाय की!" लॅपटॉपमध्ये टाकताना कुणीतरी जसं गातो तसंच टाकलेलं. पोरांना वाटतं गीतच तेवढं आहे. पप्पा, तुम्ही गाळता गाळता ते अख्ख्या मंडळीतून नाहीसं झालं! तिसऱ्याला पडदा कोरा झाला, गिटारवाले थांबले, मी एकटीच म्हणत राहिले, आणि पुढच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या जुनं पुस्तक चाळत माझ्यामागून म्हणू लागल्या. शेवटी ती प्रश्नाची ओळ आली. तिथं मी भाता मिटला. चौथं घेतलंच नाही. बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न तेवढा आत ऐकू आला. मग पाळकसाहेबांनी उठून प्रार्थना घेतली.

नंतर कमिटीतले एकजण माझ्यावर चांगलेच उखडले. "लोकांना अर्ध्यात सोडून घरी पाठवता व्हय? विश्वास वाढवायला गाणं असतंय!" मी म्हटलं, "ज्याचा विश्वास रडतोय त्यानं काय गावं, ते सांगा." मी तशीच तावातावानं बाहेर आले तर ती फाटकापाशी उभी. डोळे सुजलेले. मला वाटलं आता गळ्यात पडेल. ती म्हणाली, "चौथं का न्हाय म्हटलंस?"

"तुझ्यासाठी," मी म्हटलं.

"माझ्यासाठी? येडी का काय तू! मला चौथं नको असं कोण म्हणालं? लगेच नको म्हटलंतं. तिसरं म्हणू दिलं असतंस पोटभर, तर मी पण आलो असतो की चौथ्याला, रडत रडत." मग पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "ह्या रविवारी सगळं म्हणू या. मी येतो. तुझ्याशेजारी उभी राहतो."

ती परत येतेय पप्पा. मला आनंदानं नाचायला हवं, आणि आज प्रॅक्टिसला चौथ्याशी आलो तेव्हा मी घसा बसल्याचं सोंग केलं. तिला 'तुझ्यासाठी' म्हणाले ते खरं नव्हतं. गेल्या रविवारी माझा आवाजच पुढे जाईना. तिसरं मी एकटीनं म्हटलं, आणि खरं गायल्यावर खोटं म्हणवेना. आई गेली त्या दिवशी तुमच्या धाकानं म्हटलं ते माझं शेवटचं चौथं. त्यानंतर आजपर्यंत चौथ्याला मी फक्त पेटी वाजवते आणि ओठ हलवते. एवढ्या मोठ्या मंडळीत कुणाला कळतंय? तुम्हालासुद्धा कधी कळलं नाही.

पण रविवारी ती माझ्या अगदी शेजारी उभी असणार, आणि तिचा कान तुम्हाला माहीत आहे.