पुसलेले बारा कागद

४ मे

माझ्या आधीच्या नर्सबाई कुणाला काही न सांगता, काही लिहून न ठेवता नोकरी सोडून गेल्या. कुठली किल्ली कुठल्या कपाटाची इथपासून मला शोधावं लागलं. माझ्यामागून येणारीवर ही वेळ येऊ नये म्हणून ही वही.

बाकी दिवस झकास गेला. निवृत्तीनंतर पाच वर्षं घरात बसून अंगाला गंज चढला होता. साथीमुळे नर्सेस मिळेनात म्हणून या त्वचारोगाच्या दवाखान्यातून फोन आला आणि मी विचार करायलाही थांबले नाही. धाकटी म्हणाली, आता त्या दवाखान्याचं काही खरं नाही. धाकटी म्हणजे माझी बहीण. साठीला आली तरी धाकटीच. आम्ही दोघीच राहतो.

दवाखाना स्वच्छ, उजेडाचा. पेशंट आत येत नाहीत, बाहेर शेडमधल्या बाकावर बसतात. मी हातमोजे घालून बाहेर, डॉक्टर काचेमागे आत. मी फोटो काढून पाठवते, ते मोबाइलवर बघून औषध सांगतात. धुऊन धुऊन भेगा पडलेले हात, मास्कनं सोललेली नाकं, मुलांच्या पायांची जांभळी बोटं. दिवसभरात एकतीस पेशंट झाले. पाय दुखतात, पण बरं वाटतं.

६ मे

कपाटं आवरली. चट्टा वाढतोय की आटतोय हे नुसत्या नजरेला कळत नाही. म्हणून त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ठेवून मार्करनं कड गिरवायची आणि पुढच्या खेपेला तोच कागद लावून पाहायचा. नवे कागद मिळत नाहीत, दुकानं बंद. खालच्या कप्प्यात मात्र बारा सापडले, निळ्या रेघांनी भरलेले. नाव नाही, तारीख नाही. असला कारभार मला खपत नाही. स्पिरिटनं बाराही लख्ख पुसून काढले. कोपऱ्यातले एक ते बारा आकडे तेवढे निघेनात. राहू देत, नोंदवहीला सोयीचे.

७ मे

टपालवाला आला होता. वल्ली माणूस. सगळ्यांना चिठ्ठ्या वाटून दमलो, आता मला एक औषधाची चिठ्ठी द्या म्हणाला. उजव्या मनगटावर नाण्याएवढा चट्टा. क्रमांक तीनच्या कागदावर गिरवून घेतला.

१६ मे

टपालवाला परत आला. मनगट साफ आहे. पण शर्ट वर केला तर बेंबीपासून बरगड्यांपर्यंत कातडी सोललेली, भिजलेल्या कागदासारखी सुटत होती. "बाई, दाखवला हात आणि उठलं पोटावर," म्हणाला. हसायला गेला, पण जमलं नाही.

चट्ट्याची कड विचित्र. वरून सरळ, डावीकडे माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली. कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली. डॉक्टर फोटो पाहून म्हणाले, साथीत काहीही उठतं. मलम दिलं.

१८ मे

क्रमांक तीन पुसून आज शाळेतल्या बाईंच्या कोपरावर वापरला. कागद कमी पडतात, काय करणार.

बारा नंबर घरी आणला. धाकटीला किराण्याच्या रांगेत तासभर उभं राहावं लागतं आणि तिचा मास्क सारखा नाकाखाली. कागद तिच्या तोंडावर धरला, कपाळापासून हनुवटीपर्यंत मार्करनं खूण केली, कातरला, वर स्पंजची पट्टी आणि इलॅस्टिक लावलं. छान ढाल झाली. आरशात बघून म्हणाली, बरणीत ठेवलेलं लोणचं दिसतेय मी.

१९ मे

टपालवाल्याचा फोन. पोट एका रात्रीत साफ, डागसुद्धा नाही. मलमाला गुण आला. डॉक्टर खूश.

२१ मे

तिघं परत आले. ड्रायव्हरच्या बायकोनं पाऊल दाखवलं होतं, सोलली आहे पाठ. न्हाव्याची मान बघितली होती, सोलली आहे मांडी. एका म्हाताऱ्यानं पोटरी दाखवली होती, सोललाय खांदा. तिघांचंही बरोबर नवव्या दिवशी उठलं. तिघांना ताप नाही, साथ नाही. नुसती कातडी सुटते आणि खाली लाल.

नोंदवही काढून बसले. पाच, आठ, एक. तिघांनाही त्याच बारांतले कागद लावलेले आहेत.

स्पिरिट बदलून पाहायला हवं. कारण तेच असणार. दुसरं काय असेल?

२३ मे

टेबलाच्या खणात, कागदाच्या अस्तराखाली, एक चित्र सापडलं. माणसाच्या शरीराची आखणी, पुढून आणि मागून. त्यावर आधीच्या बाईंच्या अक्षरात आकडे. एक खांद्यावर. तीन पोटावर, डावीकडे माशाच्या शेपटीसारखी कड. पाच सगळ्या पाठीवर. आठ मांडीवर.

बारा चेहऱ्यावर.

चित्र काचेला लावून डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मोबाइल खाली ठेवला. मग सांगितलं. शिवणकाम करणारी एक बाई होती, अंगावर फोड येण्याचा आजार. गोळ्यांवर नीट होती. साथ सुरू झाली तसं यांनी तिला फोनवर सांगितलं, गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते, बंद करा, सहा आठवड्यांनी बघू. तिसऱ्या आठवड्यात सगळं अंग सोललं. ती इथल्या फाटकाशी आली, तिला परत पाठवलं. त्वचेचं काही तातडीचं नसतं असा तेव्हा नियम होता. आधीच्या नर्सबाई स्वतःहून तिच्या घरी गेल्या, बारा कागदांवर तिचं सगळं अंग गिरवून आणलं आणि यांच्या टेबलावर ठेवलं. फोटोत कळत नाही, निदान हे बघा म्हणाल्या.

"मी उघडून पाहिले नाहीत," डॉक्टर म्हणाले. "रांग केवढी होती, बाई."

ती घरातच वारली. साथीनं नाही, म्हणून कुठल्याच यादीत नाही. तिची एकुलती एक नोंद म्हणजे ते कागद.

ते मी स्पिरिटनं पुसले.

२४ मे

कागद जाळून टाकावेत असं ठरवलं. आधी पाच नंबर. मागच्या अंगणात सकाळी अकराला पेटवला. धूर फार झाला.

साडेअकराला ड्रायव्हरचा फोन आला. बायको गेली. पाठ टेकवता येईना म्हणून पालथी झोपली होती, म्हणाला, अकराला एकदम ओरडली.

जाळायचे नाहीत.

२५ मे

धाकटीचा नववा दिवस परवा आहे.

तिला काही सांगितलेलं नाही. दोन दिवस बाहेर जाऊ नकोस म्हटलं. काय सांगणार — तुझ्या तोंडावर एका मेलेल्या बाईचा चेहरा मी स्वतःच्या हातानं आखला?

एकच गोष्ट हाताशी आहे. टपालवाल्याचं पोट मलमानं बरं झालं नव्हतं. तीन नंबर मी दुसरीच्या अंगावर गिरवला, म्हणून त्याच्या अंगावरून तो उतरला. कागद शेवटी ज्याच्या अंगावर गिरवला, त्याचा होतो.

२६ मे

धाकटीकडून ढाल मागून घेतली. इलॅस्टिक सैल झालंय म्हटलं. ती म्हणाली, "ताई, तुझ्या राज्यात प्रश्न विचारायची मुभा नाही, ठाऊक आहे मला. पण इलॅस्टिक तर घट्टच आहे."

दवाखान्यात दार लावून बसले. बाराला माझा चेहरा लावला. मार्कर फिरवला.

मग बाकीचेही घेतले. त्या दहा जणांनी माझं काय वाकडं केलं होतं? एक, दोन, तीन, चार. सहापासून अकरापर्यंत. सगळे डाव्या हातावर गिरवले. कुठेही लावा, कागद आपली जागा शोधतो.

२८ मे

धाकटीचा चेहरा साफ. काल दिवसभर बघत होते. शेवटी चिडली, म्हणाली, तोंडावर काही लिहिलंय का माझ्या.

न्हाव्याची मांडी साफ. म्हाताऱ्याचा खांदा साफ. शाळेतल्या बाईंना काही उठलंच नाही. सगळ्यांनी मलमाचे आभार मानले.

१ जून

अंग चुरचुरतं. पाणी लागलं तरी —

शिवणकाम करणाऱ्या बाईचं नाव डॉक्टरांकडून घेतलं. जुनी फाइल काढायला लावली. तेवढं तरी.

३ जून

दुपारी बाही काढताना — काही नाही. अजून काही नाही.

धाकटीला सांगितलं, उद्या उशीर होईल. डबा नको म्हटलं. तिनं तरीही —

४ जून

सकाळी आठला सुरू झालं. चेहरा सर्वांत शेवटी. लिहून होईल.

सोपवणी.

किल्ल्या चार, चिठ्ठ्या बांधून.

नोंदवही एक.

पारदर्शक कागद अकरा. पाच नंबर जळाला, चूक माझी. पुसू नयेत. कुणाच्या अंगाला लावू नयेत. जाळू नयेत. ज्या बाईचे आहेत तिचं नाव प्रत्येकावर न निघणाऱ्या शाईनं घातलं आहे.

चित्र एक.

डॉक्टर काचेमागून फोटो मागतात. फोटो मिळणार नाही म्हटलं. बाहेर या आणि डोळ्यांनी बघा.

काचेमागचं दार उघडल्याचा आवाज —

डावा डोळा मिटला. ओळी वाकड्या येतात, माफी.

धाकटीला घरी फोन करून कळवावं. तिला चेहरा दाखवू नये.

शरीर एक. पाठ तेवढी शाबूत, बाकी सर्व. नीट बघून, मोजून ताब्यात घ्यावं.

घेणाऱ्याची सही —