निळ्या भांड्यातल्या गोगलगायी

१४ जून १९८७

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

इतके दिवस पत्र नाही, माफ कर. आधी खात्री करून घ्यावी की तुला लगेच घाबरवावं, या घोळात राहिले.

प्रयोगशाळेतलं माझं काम तुला ठाऊक आहे. गोगलगायीच्या मज्जापेशीच्या आवरणातून कॅल्शियम आत शिरताना बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो, तो मी मोजते. शिशाच्या द्रावणाचा थेंब टाकला की तो मंदावतो. हल्ली थेंब टाकण्याआधीच तो निम्मा येत होता. पाणी बदललं, क्षार बदलले, सहकारिणीवर उगाच डाफरले. मग लक्षात आलं की काचेच्या टाकीतल्या गोगलगायी ठणठणीत आहेत. मंदावल्यात त्या फक्त तुझ्या निळ्या भांड्यातल्या. तुझ्या भट्टीत वाकडं झालं, विकलं जाणार नाही म्हणून तू मला दिलेलं तेच ते.

भांडं एकच, गोगलगायी थोड्या. एवढ्यावर मी निबंध लिहिणार नाही. पण तुझी लेक चिमी तसल्याच पेल्यातून संत्र्याचा रस पिते, आणि भांड्यावरच्या चकचकीत झिलईत शिसं असेल तर आंबटाने ते जास्तच सुटतं. तिला तो पेला देऊ नकोस.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
तुझी ताई

२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राग आलाच. सख्ख्या भावापेक्षा तुझा गोगलगायींवर भरवसा! व्यापाऱ्याने झिलईची पूड बिनशिशाची म्हणूनच दिली होती. जेवताना हे सगळं हसत सांगितलं, पण हिला हसू आलं नाही. उठली आणि फडताळातली निळी भांडी एकेक करून खाली ठेवू लागली. चिमीने पेला पोटाशी धरला, सोडेना. रडवून काढून घ्यावा लागला.

तिचं पोट सारखं दुखतं. डॉक्टर जंत म्हणाले होते. शाळेतल्या बाई म्हणतात, सांगितलेलं विसरते. आम्ही तिलाच आळशी म्हणत होतो.

ताई, टाकीत परत सोडल्यावर तुझ्या गोगलगायी सुधारतात का? खरं सांग.

लोभ आहेच, आता जरा जास्त लागेल.
धाकटा

२४ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काही सुधारतात. प्रवाह थोडा परत येतो. पूर्ण येईल का, हे मला अजून माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखं लिहिणार नाही. चिमी म्हणजे गोगलगाय नव्हे. माझ्या आकड्यांवरून तिचं भविष्य काढत बसू नकोस. पत्र मिळेल त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात तिचं रक्त तपासायला दे, तुम्हा दोघांचंही. माझी वाट बघू नका. भट्टी बंद ठेव.

शनिवारी मी येतेच. तिच्यावर कुणी चिडू नका.

तुमच्याच काळजीत,
ताई

ता. क. माझं उद्याचं काम: चिमीसाठी निळ्या काचेचा पेला शोधणे.