एका टाकीत तिघांची काळजी

३ मार्च

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद. फोनवर मी बोललो की तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जातं असं तुझा भाऊ म्हणतो, म्हणून पत्र.

सूनबाईचे दिवस भरत आले. मोठं हॉस्पिटल डोंगरापलीकडे. मागच्या खेपेला माझी जुनी गाडी ऐन चढणीवर बंद पडली, आम्ही उशिरा पोचलो आणि रिकाम्या हातांनी परतलो. त्यावर या घरात कोणी बोलत नाही. मीही नाही.

धाकट्याच्या नव्या गाडीचं बॉनेट उघडलं की घड्याळजीच्या दुकानात आल्यासारखं वाटतं. पेट्रोलमध्ये टाकी साफ करणारं औषध घाल, असं त्याला दोनदा सुचवलं. त्याने मॅन्युअल दाखवलं. मॅन्युअल लिहिणारा काय सूनबाईला घेऊन चढण चढणार आहे? शेवटी तो आंघोळीला गेला तेव्हा मी एक बाटली ओतली. जुन्या गाडीला आयुष्यभर हेच पाजलं होतं. त्याला कळू देऊ नकोस.

कळावे. आशीर्वाद काटकसर न करता.
अण्णा

७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. हे वाचून फाडून टाक.

गाडी चढणीवर दमू नये म्हणून मी जोर वाढवणारी एक बाटली आणून पेट्रोलमध्ये घातली. शर्यतीच्या गाड्या हेच पितात, असं दुकानदार म्हणाला. मी दिवसभर लोकांच्या चष्म्यांचे नंबर काढतो, पण बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला स्वतःचा चष्मा काही लावला नाही. अण्णांना सांगू नकोस. वर्षभर त्यांना आधुनिक इंजिनावर व्याख्यानं दिली आहेत, आता कोणत्या तोंडाने कबूल करू?

खरं दुखणं पुढे आहे. परवापासून गाडी उभ्या जागी थरथरते. काल इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आणि चढणीच्या पायथ्याशी लुकलुकायला लागला. मी माघारी फिरलो. हिला म्हटलं, हवा खायला गेलो होतो. तू विम्याच्या ऑफिसात गाड्यांचे दावे तपासतेस, तर त्या दिव्याचं काय करायचं ते सांग. वर्कशॉपला नेली तर हिला कळेल, आणि ती आधीच धड झोपत नाही.

लोभ असू दे, आणि तोंड बंद असू दे.
तुझा धाकटा

८ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि. तुमचे वडील आणि तुमचे बंधू हल्ली वेगवेगळ्या वेळी ‘टायर बघायला’ खाली जातात. टायरांचे एवढे लाड मी कुठे पाहिले नाहीत. वर येताना दोघांच्याही हातांना पेट्रोलचा वास. झोप लागली का, असं दोघंही विचारतात. मी दोघांनाही हो म्हणते.

तुम्हालाच सांगते, एक बाटली मीही ओतली. आईने पाठवली होती, टाकीतलं पाणी मारते म्हणे. तिच्या शेजारणीचा अनुभव आहे. शेजारणीकडे गाडी नाही, पण अनुभव आहे! हसत लिहिते आहे, पण बाळाने लाथ मारली की मला ती चढण दिसते.

ह्यांना कळवू नका. माया आहेच, ती अशीच राहू द्या.
तुमची भावजय

११ मार्च

ती. अण्णा, चि. धाकटा आणि चि. सौ. भावजय यांस,
ज्याला जे लागू असेल ते नमस्कार-आशीर्वाद. काल फोनवर मी गाडी हलवू नका एवढंच म्हणाले. कारण या पत्रात आहे. अण्णांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं. तिघांचाही विश्वासघात एकदमच करते, म्हणजे कोणी रुसायला नको.

तुम्ही तिघांनी, एकमेकांना चोरून, त्याच टाकीत एकेक बाटली ओतली आहे.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये इंजिन साफ ठेवणारं द्रव्य बहुधा आधीच असतं. मॅन्युअलला चालणारी एखादी बाटली, सांगितलेल्या मापात, खपूनही जाते. पण जोर वाढवणाऱ्या काही बाटल्यांत धातू असतो. तो प्लगवर आणि धुराच्या नळीतल्या सेन्सरवर बसतो. लुकलुकता दिवा म्हणजे इंजिन ठोके चुकवतंय. तेव्हा गाडी थांबवायची, हवा खायची नाही. तिन्ही एकत्र केल्यावर काय होतं, ते बनवणाऱ्यांनाही ठाऊक नसेल. ‘दुसऱ्या द्रव्यात मिसळू नये’ एवढं छापून ते मोकळे होतात आणि त्याच ओळीवर बोट ठेवून आम्ही दावे नामंजूर करतो. टाकी रिकामी करून घ्या.

अण्णा, जुनी गाडी बाटली पिऊनही थांबलीच. तुमच्यामुळे नाही थांबली. हे कोणीतरी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं.

रागावलात तर लोभासकट रागवा.
ताई

१९ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि. तुमचं पत्र मामंजींनी उभ्याने वाचायला घेतलं आणि टाकीच्या ओळीपाशी खाली बसले. आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि इतके हसले की चष्मा काढावा लागला. शेवटच्या ओळींपाशी मात्र पत्र ह्यांच्या हातात दिलं. पुढचं ह्यांनी वाचलं.

वर्कशॉपवाल्याने टाकी उपसली, प्लग बदलले. गाडी चढणीवर अर्ध्यात बसली असती, असं तो म्हणाला. घरी आल्यावर मीच म्हटलं, गाडी दुरुस्त झाली तरी कळा सुरू झाल्यावर मी ती चढण चढणार नाही. पहिल्या बाळाचं नाव घेऊन म्हटलं. ते नाव या घरात मोठ्याने पहिल्यांदाच घेतलं गेलं. हे माझा हात धरून बसले. मामंजी मान खाली घालून ऐकत होते, मग उठून स्वतःची बॅग भरायला लागले.

आता आम्ही तिघं हॉस्पिटलसमोरच्या भाड्याच्या खोलीत आहोत. खिडकीतून फाटक दिसतं. रस्ता सपाट आहे, तरी मामंजी रोज तो चालून बघतात. खड्डा नाही, असं मला येऊन सांगतात.

आज सकाळपासून कंबर दुखते आहे. थांबते, पुन्हा येते. या खेपेला आधी ह्या दोघांना सांगितलं आणि मग तुम्हाला लिहायला बसले. हे नर्सला विचारायला गेले आहेत. मामंजी चपला घालून दारात उभे आहेत, बस म्हटलं तरी बसत नाहीत.

लोभ असतोच. आज जरा जास्तीचा असू द्या.
तुमची भावजय