बायला भेटायचं होतं

आये, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू होतीस तेव्हा तुझ्या नावाने मी एकही पत्र लिहिलं नाही. बाच्या नावाने कार्ड टाकायचो. आपल्या पोशेऱ्याच्या शाळेतले गुरुजी ते वाचून दाखवायचे, आणि त्यात खुशाली सोडून काही नसायचं. आता बासुद्धा गेला. हे कोणी वाचून दाखवणार नाही, म्हणूनच बहुतेक लिहायला धीर होतो आहे. लिहायचं आहे ते त्या एका दिवसाबद्दल. तुमची नात सव्वा महिन्याची झाली होती आणि तिच्या बारशासाठी तुम्ही दोघं कळव्याच्या आमच्या चाळीत आला होता. मोखाड्याहून एसटीने ठाणे, तिथून रिक्षा. रिक्षा खाडीच्या पुलावर आली तेव्हा तू डोकं बाहेर काढून खाली बघत होतीस, आणि मी तुला सांभाळ म्हणून आत ओढलं होतं.

त्याच संध्याकाळची गोष्ट. बा गॅलरीत शेजारच्या काकांजवळ बसला होता. काका रिटायर झालेले, स्वभावाने चांगले. बा त्यांना म्हणाला, "या खाडीत मी लय डुब्या मारल्यात." काकांनी विचारलं, "पोहायला येत होता का?" तर बा हसला, "पोव्हाया कसला! रेती काढाया. बादली घेऊन तळाला जायाचा, कान फुटायची येळ यायची." मी चहा घेऊन दारात उभा होतो. मी मध्येच म्हणालो, "बाबांना जुन्या गमती सांगायची सवय आहे. आमची गावी शेती आहे." आणि बाला आत बोलावून घेतलं. स्वयंपाकघराच्या दारात त्याला हळू आवाजात म्हणालो, "इथं असलं काही सांगत बसू नको. मला या लोकांत राहायचंय." बा म्हणाला, "बरा, नाय सांगत." तू खाली बसून तांदूळ निवडत होतीस. तुझे हात थांबले आणि परत चालू झाले. तेवढंच मला आठवतं. दर दिवाळीनंतर तुम्ही दोघं रेतीवर जायचात हे मला माहीत होतं, पण कुठल्या खाडीवर, हे मी कधी विचारलं नव्हतं. मी तेव्हा आश्रमशाळेत असायचो. पावसाच्या तोंडावर तुम्ही परत यायचात आणि माझ्यासाठी नवा सदरा आणायचात, एवढंच माझं ज्ञान.

बारसं रविवारी होतं. आदल्या दिवशी दुसरा शनिवार, मला सुट्टी. तुझी सून म्हणाली, "त्यांना एक दिवस मुंबई दाखवून आणा, परत कधी येतील कोण जाणे." शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर मी ऑफिसातला एक पाठकोरा कागद घेऊन तुमच्यासमोर बसलो आणि एक, दोन, तीन आकडे घातले. बा म्हणाला, "बघ, सायबानं आपली फाईल काढली. आता ही पुढं सरकाया किती दिवस लागतील?" तू पदर तोंडाला लावून हसलीस. मी बाला विचारलं, काय बघायचं? तो म्हणाला वाघ. मग तुला विचारलं. तू आधी बाकडे बघितलंस. मग म्हणालीस, "मना बायला भेटायचा हाय. पाण्याच्या कडंला हाय ना, ती. परवा बारसा, त्याच्या आदी तिला सांगाया पायजे." मी लगेच लिहिलं: देवीदर्शन. आमच्या चाळीतल्या आगऱ्या-कोळ्यांच्या बायका देवीला बाय म्हणायच्या, आणि समुद्राच्या काठावर देवीचं मोठं देऊळ होतं. सगळं जुळत होतं. नातीचं नाव ठेवण्याआधी देवीच्या कानावर घालायचं, यात मला नवल वाटलं नाही. कागद वाचून दाखवताना तुला बरं वाटावं म्हणून मी देवी न म्हणता मुद्दाम तुझाच शब्द वापरला: "सकाळी प्राणी, दुपारी बाय, मग समुद्र." तू माझ्याकडे असं बघितलंस, आये, की मला वाटलं मी जन्मात पहिल्यांदा तुझ्यासाठी काही केलं.

आपल्या घरात बाय म्हणजे मुलगी. लेक. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी एकटाच, घरात हा शब्द कोणाला लागलाच नाही. सहाव्या वर्षी शाळेत गेलो, तिथे आपली बोली बोललो की पोरं हसायची आणि गुरुजी छडी उचलायचे. पुढे जव्हारला कॉलेज, मग ठाण्यात नोकरी. कुठला शब्द केव्हा गळून पडला, कळलंही नाही.

शनिवारी निघालो. बाने वाघ बघितला आणि नाराज झाला. "हा वाघ हाय का कारकून? बसल्या जागचा हालत नाय," असं म्हणून माझ्याकडे बघून डोळा मारला. मीही हसलो. तू पिंजऱ्यांकडे बघतच नव्हतीस. दोनदा विचारलंस, "बाय कवा?" मी म्हटलं, "कागदावर आहे ना, दुपारी." दुपारी देवळाच्या रांगेत उभे राहिलो. तू कमरेची पुरचुंडी काढून मुठीत धरली होतीस. गाभाऱ्याजवळ गर्दी पुढे सरकली आणि मी ती तुझ्या हातातून घेतली, सोडली. आत मूठभर नागली आणि दोन हिरव्या बांगड्या. माझी तीन बोटंही त्यातून गेली नसती एवढ्या लहान. मी म्हणालो, "देवीचा हात एवढासा असतो का?" आणि हसत हसत ताटात ठेवल्या. त्यांच्यावर दुसऱ्या कोणाचे हार पडले, वेणी पडली, नारळ आला. बा तुझ्याकडे बघत होता. तू त्याला मानेनेच नको म्हणालीस. मी ते बघितलं आणि मला वाटलं, बा नारळ घेऊ का असं विचारत असेल.

नंतर समुद्रावर बसलो. तू म्हणालीस, "हा पाणी निराळा." मी समजावून सांगितलं की हा समुद्र, खाडी वेगळी. तू ऐकून घेतलंस.

रविवारी बारशाला चाळीतल्या बायका जमल्या. नाव कानात सांगायची वेळ आली तशी एकीने हाक मारली, "आत्या कुठाय? आत्याला बोलवा!" मी मोठ्याने म्हणालो, "मला बहीण नाही हो." बायका म्हणाल्या मग मीच होते आत्या, मीच होते, अशी थट्टा चालली, आणि शेजारच्या काकू आत्या झाल्या. तू पाळण्याची दोरी धरून बसली होतीस. ती कोणाकडे दिली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तुम्ही गेलात.

पुढच्या भादव्यात तू तापाने गेलीस. दहावं झालं, पाहुणे जीप भरून गेले, आणि बा ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसला. तो म्हणाला, "ती बाय देवी नव्हती रं. तुझी बहीण. तुझ्या आदीची." तो जमिनीकडे बघून सांगत राहिला. "रेतीवर होतो आमी. झोपडीतच झाली. महिनाभराची होती, नाव कवा ठेवणार? गावाला गेल्यावर ठेवू बोललो. एके दिशी दूध पिली नाय. दुपारपावत गेली. गावाला न्यायाची कशी, आन कोण नेणार? तठंच काठाला पुरली. पुलाच्या अंगाला. तुझ्या आयशीनं वर दगड ठेवला. आत्याला इचारल्याबिगर नाव ठेवू नय, तुझी आय बोलत व्हती. मेली तरी आत्याच ना ती."

मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीस मला?" बा म्हणाला, "तिला वाटला तुला ठावा हाय. तू कागदावं लिवलास, बाय म्हणून वाचलास. येडी रातभर झोपली नाय, पोरानं लिवून घेतला म्हणून. देवळात गेल्यावर समजला तिला." मग म्हणाला, "मी सांगणार व्हतो. ती बोलली, नको. त्याला तठं ऱ्हायाचा हाय."

माझंच वाक्य होतं ते, आये. तू ते जपून ठेवलं होतंस, माझ्या सोयीसाठी.

मी बाला कळव्याला आणलं. दोन दिवस काठाने हिंडलो. भराव पडला होता, झोपड्या वाढल्या होत्या, कांदळवन पार पुढे सरकलं होतं. बाने तीन जागा दाखवल्या आणि तिन्ही ठिकाणी थोडं थांबून "नाय, ही नाय" म्हणाला. शेवटी एका पाइपावर बसला. "समदा सारखाच दिसतो," एवढंच बोलला. पुन्हा तो कधी शहरात आला नाही. तोही गेला त्याला आता सात वर्षं झाली. ती जागा माहीत असलेलं जगात कोणी उरलं नाही. मी रोज त्या पुलावरून कामाला जातो. माझं घर त्या काठापासून चालत वीस मिनिटांवर आहे आणि तुला घेऊन मी पार मुंबईच्या टोकाला गेलो होतो. यावर काही उपाय नाही. मी शोधून बघितला. कागद करायची सवय असलेला माणूस मी, पण याचा कुठे अर्ज करता येत नाही.

लोक म्हणतात, तुम्हाला माहीतच नव्हतं तर तुमची काय चूक. म्हणजे, म्हणतील. मी हे कोणाला सांगितलेलंच नाही, तुझ्या सुनेलाही नाही. आणि एक गोष्ट तर मी बालाही सांगितली नाही. त्या दिवशी देवीचं तोंड दिसायला लागलं तेव्हा तू माझी बाही ओढून म्हणाली होतीस, "ही नव्हं. आपली बाय." ते मला नीट ऐकू आलं होतं. काहीतरी चुकलंय हेही कळलं होतं. विचारायचं म्हटलं तर आपल्या बोलीत विचारावं लागलं असतं, आणि मागे चांगल्या कपड्यातली माणसं उभी होती. म्हणून मी तुला शहरातल्या मराठीत, एखाद्या परक्या बाईला सांगावं तसं, म्हणालो, "पुढे चला, आई."